चन्नम्मा हसली तेव्हा

मित्रांनो, मला पाहिलं की माणसाला आधी हसू येतं. यायलाच हवं, मला बनवलंच त्यासाठी. नाटकात डोक्यावर चढवायचा मी एक टोप आहे. काळाभोर, कुरळ्या केसांचा आणि आता बराच जुना. सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या एका बोळात नाटकाचे कपडे भाड्याने देणारं दुकान आहे. तिथल्या पत्र्याच्या पेटीत माझा मुक्काम असतो.

माझे केस खरे नव्हेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणताना सुताचे तुकडे उरतात, ते दुकानाचे मालक गैबीसाब यांनी पोतंभर आणले. काळ्या रंगात बुडवले, खळ लावली आणि ओले असतानाच सायकलच्या तारांवर गुंडाळून गच्चीवर वाळत घातले. उन्हानं पीळ घट्ट बसले. मग मांजरपाटाच्या टोपीवर त्यांनी एकेक बट टाचली. शेवटी मला स्वतःच्या टकलावर ठेवलं आणि बायकोला हाक मारली, "गुलबानो, बघ तर, जवान झालो की नाही?" गुलबानो आतून आली, तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती तिथेच खाली बसली. मी ऐकलेलं ते पहिलं हसू.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. मी राक्षसाच्या डोक्यावर बसलो, जादूगाराच्या बसलो, गल्लीतल्या ऑर्केस्ट्रात गायकाच्या बसलो. एका बालवाडीत तर मला मेंढरू केलं होतं. "चाचा, तुमच्या टोपानं नाटक तारलं," असं लोक परत देताना सांगत आणि गैबीसाब मला कंगवा फिरवत.

पुढे शाळांच्या स्नेहसंमेलनांत आफ्रिकन नाचाची टूम निघाली. तोंडाला काळा रंग, कमरेला हिरव्या प्लास्टिकच्या झिरमिळ्या, हातात काठीचा भाला आणि डोक्यावर मी. गैबीसाबांनी माझ्या पिशवीवर खडूनं 'हबशी' असं लिहूनही टाकलं. पोरं उड्या मारत, पालक पोट धरून हसत. तसे केस आणि तसा रंग घेऊन जन्मलेलं कुणी त्या सभागृहांत बसलेलं मी तरी पाहिलं नाही.

मग साथीची वर्षं आली. संमेलनं बंद, नाटकं बंद. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी नुसता पडून राहिलो. माझ्या बटा चपट्या झाल्या. गैबीसाबांचे गुडघे गेले आणि त्यांची नात नाजनीन गल्ल्यावर बसू लागली.

अशात एका मे महिन्यात, भर दुपारी, एका खासगी दवाखान्यातली दोन माणसं दुकानात आली. एक होती वैजयंती सिस्टर, अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. दुसरा औषधांच्या काउंटरवर बसणारा शिवराज. त्यांच्याकडे संध्याकाळी परिचारिका दिनाचा कार्यक्रम होता.

"कुरळा टोप पाहिजे," वैजयंती म्हणाली. "आणि काळा रंग."

नाजनीननं मला पेटीतून काढून झटकलं. "काय बसवलंय, सिस्टर?"

वैजयंतीला तेवढंच हवं होतं. "अहो, आमच्याकडं चन्नम्मा म्हणून सिस्टर आहे. कर्नाटकातल्या यल्लापूरकडची. सिद्दी समाजाची. तिचे पूर्वज आफ्रिकेतनं आलेले, कितीतरी पिढ्यांमागं. ही कानडी बोलते, मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलते. पण पेशंटचे नातेवाईक तिला बघतात आणि हातवारे करून इंग्रजी सुरू करतात! परवा एक काका म्हणतात, 'यू गिव्ह गोळी?' ही म्हणाली, 'काका, गोळी मघाशीच दिली, आता पाणी पिऊन गप झोपा.' तर काका बायकोला म्हणतात, 'बघ, हिचं इंग्रजी कसं झटकन कळतंय!'"

नाजनीन हसली. मागे स्टुलावर बसलेले गैबीसाबही हसले. विनोद खरंच चांगला होता.

"तो प्रवेश आम्ही दोघींनी बसवला," वैजयंती सांगत होती. "मी काका आणि ती स्वतःच. पण आज तिचा एक पेशंट बिघडलाय. म्हणाली, 'अक्का, मी वॉर्ड सोडून येणार नाही, तुमचं तुम्ही करा.' मग आता हा शिवराज चन्नम्मा होणार."

"त्यांना माहीत आहे का, हे टोप आणि रंगाचं?" नाजनीननं विचारलं.

"अगं, जिवाची मैत्रीण आहे माझी. डबा एकत्र खातो आम्ही."

संध्याकाळी दवाखान्याच्या सभागृहात प्रवेश सुरू झाला. धोतर नेसून, मिशी लावून वैजयंती रंगमंचावर आली आणि तिनं असं काही इंग्रजी फाडलं, की पहिल्या रांगेतले डॉक्टरही डोळे पुसू लागले. लोक त्या काकांना हसत होते. मग शिवराज आत आला. अंगात नर्सचा पांढरा कोट, चेहरा काळा कुळकुळीत आणि वर मी.

त्यानं तोंड उघडण्याआधीच सभागृह कोसळलं. काकांकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. शिवराज म्हणाला, "काका, गोळी मघाशीच..." पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. जो विनोद दोघींनी बसवला होता, तो लोकांपर्यंत पोचलाच नाही. आणि न पोचताही हसू येतंय म्हटल्यावर शिवराजला चेव चढला. त्यानं बगल खाजवली. "हुबा हुबा" करत खुर्चीवर उडी मारली. वैजयंती क्षणभर थबकली. मला वरून तिचा चेहरा स्पष्ट दिसला. पण टाळ्या पडत होत्या. तिनंही मग धोतराचा सोगा सावरत पळापळ केली.

तेवढ्यात मागच्या दारात चन्नम्मा येऊन उभी राहिली. पेशंट सावरला असावा. तोंडावरचा मास्क हनुवटीला लोंबत होता. कुणीतरी तिला पाहिलं, शेजारच्याला कोपरानं ढोसलं आणि बघता बघता माना वळू लागल्या. ती काय करते, इकडे सगळ्यांचं लक्ष.

चन्नम्मा हसली. चांगली दात दाखवून हसली. मग सगळे दुप्पट हसले.

नंतर परिचारिकांच्या खोलीत शिवराज बेसिनवर तोंड धूत होता. पाणी काळं वाहत होतं. चन्नम्मा कपाटातून आपली पिशवी घेत होती. "निघता निघंना की हे," तो म्हणाला. "सिस्टर, तुमचं लई बरं. तुमाला मेकअपच नको." खोलीतल्या दोघीतिघी हसल्या. चन्नम्माही हसली. शिवराजनं रुमालानं तोंड कोरडं केलं, मला दारामागच्या खुंटीला अडकवलं आणि तो चहाला निघून गेला. मला परत द्यायचं तो विसरला तो विसरलाच.

म्हणून पुढचं सगळं मला त्या खुंटीवरून कळलं.

प्रवेशाचं चित्रीकरण कुणीतरी मोबाईलवर केलं होतं. ते आधी दवाखान्याच्या ग्रुपवर गेलं, तिथून कुणाच्या गावाकडच्या ग्रुपवर आणि मग ते कुठे कुठे गेलं याचा पत्ता राहिला नाही. चन्नम्मा रोज कपडे बदलायला येई. आधी ती येताना काहीतरी गुणगुणत असे म्हणे. माझ्या कानावर तरी काही आलं नाही. खोलीत आली की ती दाराकडे पाठ करून उभी राही.

एका सकाळी ती भरल्या वॉर्डातून आली आणि पाण्याची बाटली हातात धरून नुसतीच बसली. मागोमाग वैजयंती आली. धाप लागलेली.

वॉर्डात घडलं होतं ते असं. नातेपुत्याच्या गोजरबाई नावाच्या आजी मांडीचं हाड मोडून दाखल होत्या. चन्नम्मा त्यांना सलाईन लावत असताना त्यांचा नातू अमृत मोबाईलवर ते चित्रीकरण लावून, ते समोर धरून "हुबा हुबा" करू लागला. आजी ओरडल्या, "गप की मुडद्या! सुई माज्या हातात चाललीय!" तर तो म्हणाला, "अगं आज्जे, ह्यांच्याच सिस्टरनी बसवलंय की ते." आणि शेजारच्या खाटेपाशी वैजयंती दिसताच तो तिच्याकडे वळला. "मॅडम, लई भारी केलं. परत एकदा करून दाखवा की." पेशंट, नातेवाईक, सगळे वैजयंतीकडे अपेक्षेनं बघत राहिले. जिला कधी शब्द शोधावा लागला नाही, ती पेशंटचा तक्ता चाळत राहिली. चन्नम्मानं सुई नीट बसवली, चिकटपट्टी लावली आणि ती बाहेर पडली.

"मी त्याला आत्ता जाऊन झापते," वैजयंती म्हणाली. "मोबाईल काढून घेते त्याचा."

चन्नम्मानं बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं.

"पण चन्ना, आमचं तसं नव्हतं गं. गंमत होती. तू पण हसलीस की तेव्हा."

"सगळे माझ्याकडे बघत होते, अक्का. काय करणार? शाळेत पोरं माझ्या केसांत पेन्सिली खोचायची. पडत नाहीत म्हणून. मी हसायचे. हसलं की लवकर सोडतात."

वैजयंती खुर्चीच्या कडेला टेकली. "अगं, मी स्वतःच्या जाडीवर किती बोलते. तू मला म्हैस म्हणतेस, मी कधी मनाला लावून घेतलं?"

"मी म्हणते तेव्हा आपण दोघी असतो. तुला राग आला तर तू मला एक धपाटा घालशील आणि मी गप्प बसेन. त्या दिवशी मी कुणाला धपाटा घालायचा होता? सगळ्या सभागृहाला?" तिचा आवाज चढला नव्हता. "आपल्या नाटकात लोक कुणाला हसायचे होते?"

"काकांना."

"आणि हसले कुणाला?"

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं चाक कुरकुरत गेलं.

चन्नम्मा उठली. ती सरळ माझ्याकडे आली आणि तिनं मला खुंटीवरून काढलं. मित्रांनो, इतकी वर्षं मी इतक्या डोक्यांवर बसलो, पण इतक्या सावकाश मला कुणी हातात घेतलं नव्हतं. तिनं माझी एक बट बोटांत चुरगळून पाहिली.

"सूत आहे," ती म्हणाली. "रोज इथं यायचं, कपडे बदलायचे आणि रोज हे समोर. मला वाटायचं, माझंच डोकं काढून लटकवलंय." तिनं मला एका प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवी वैजयंतीच्या मांडीवर ठेवली. "ज्यांचं आहे त्यांना देऊन ये."

वैजयंतीनं लगेच मला आणलं नाही. आधी मला कपाटात ठेवून ती वॉर्डात गेली. अमृतशी ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण गोजरबाईंचा "बरं झालं, बाई!" एवढा आवाज भिंतीपलीकडून आला. दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना सगळ्या परिचारिका खोलीत जमल्या. तिनं शिवराजलाही बोलावलं. चन्नम्मा त्या वेळी वॉर्डात होती.

"तो प्रवेश मी केला," वैजयंती म्हणाली. "टोप मी आणला, रंग मी आणला. शिवराजनं माकडचाळे केले तेव्हा मला कळलं होतं की हे चुकतंय. पण लोक हसत होते, म्हणून मी थांबले नाही. ज्याच्या ज्याच्या मोबाईलमध्ये ते असेल, त्यानं काढून टाका. आणि कुणी दाखवलं तर 'लई भारी' म्हणू नका."

"एवढं काय त्यात, सिस्टर?" शिवराज कुरकुरला. "मी काय मनात ठेवून केलं का?"

"मनात न ठेवता केलंस, तरी सुई लावताना तिलाच ऐकावं लागलं की."

शिवराज तणतणत गेला. पण संध्याकाळी तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि चन्नम्माला म्हणाला, "सिस्टर, चुकलं माझं." ती म्हणाली, "बरं." मग तिनं त्याला गोजरबाईंची औषधं लवकर पाठवायला सांगितलं.

मी दुकानात परतलो तेव्हा नाजनीननं सहज विचारलं, "काय सिस्टर, कसं झालं नाटक?"

"लई हसले लोक," वैजयंती म्हणाली आणि गल्ल्याच्या फळीला धरून उभी राहिली. नाजनीननं तिला आत बसवलं, पाणी दिलं. वैजयंतीनं जे घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःला कुठे न वाचवता. गैबीसाब ऐकत होते. ती गेल्यावर त्यांनी दुकानातली माझी जुनी पिशवी मागून घेतली आणि तिच्यावर खडूनं लिहिलेलं 'हबशी' तळहातानं पुसलं.

त्यानंतर एका शाळेच्या बाई आफ्रिकन नाचासाठी मला मागायला आल्या. "टोप देईन," नाजनीन म्हणाली, "पण पोरांची तोंडं काळी करणार असाल तर नाही."

"अहो, लहान मुलांची गंमत असते," बाई म्हणाल्या.

"तुमच्या शाळेत उद्या तशी एखादी मुलगी आली, तर तिला कुठं बसवाल?"

बाई मला न घेताच गेल्या. मला पूर्वीइतकं काम राहिलेलं नाही. कधी जादूगार येतो, कधी राक्षस. बाकी पेटी आहेच.

यंदाच्या मे महिन्यात वैजयंती पुन्हा आली. तिला पांढरी दाढी हवी होती, म्हाताऱ्या डॉक्टरसाठी. दाढी बांधून देताना नाजनीननं विचारलं, "आणि त्या चन्नम्मा सिस्टर?"

"आहे की. दुसरीकडं जायचं म्हणत होती, पण राहिली. वॉर्डातल्या कामापुरतं बोलते. बरेच दिवस डबा वेगळा खायची. परवा माझ्या डब्यातली शेंगाचटणी मागून घेतली."

"मग हसल्या का?"

वैजयंतीनं दाढीची पिशवी काखेत धरली. "हसायला ती सगळ्यांशी हसते. पण मला आता तिचं कुठलं हसू खरं ते कळतं. माझ्यासमोर खरं, अजून नाही." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

मित्रांनो, तुम्ही भरपूर हसा. माझ्यासारख्याला दुसरा उद्योगच नाही, मी तुम्हाला हसू नका असं कसं सांगणार? एवढंच मागणं आहे. ज्याच्या रंगावर, केसांवर, बोलीवर तुम्ही विनोद करता, तो हसला म्हणजे त्याला गंमत वाटली असं धरून चालू नका. त्याला बाजूला घेऊन विचारा. तो "चालतंय की" म्हणाला, तर आणखी एकदा विचारा. आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर तो गप्प राहिला, तर मला पेटीतच राहू द्या.