परीक्षेच्या वर्षातली संध्याकाळची फेरी

मित्रांनो, मी एक म्हातारा बोकड आहे. टोबॅगो बेटावरच्या बक्कू गावात, माझी मालकीण व्हर्लिन हिच्या स्वयंपाकघरामागे, बदामाच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो. माझ्या दाव्याची गाठ सैल आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही आहे. पण या वयात पळून जायचे तरी कुठे? त्यापेक्षा बसल्या जागी तुम्हाला माझी हकिकत सांगतो.

मी जन्मलो तेव्हा आम्ही तिघे भावंडे एकदम झालो. शेळीच्या कासेला सड दोनच. दांडग्या दोघांनी ते धरले आणि मी उरलो. व्हर्लिनची मुलगी केझाया तेव्हा लहान होती. तिने मला आपल्या जुन्या फ्रॉकमध्ये गुंडाळले आणि बाटलीने दूध पाजून जगवले. पुढे माझ्या हनुवटीला दाढी फुटली, तेव्हा व्हर्लिनचा धाकटा भाऊ ऑस्बर्ट म्हणाला, "हा तर कोर्टात उभा राहणार." तेव्हापासून माझे नाव बॅरिस्टर पडले.

आमच्या गावात ईस्टरनंतरच्या मंगळवारी बोकडांची शर्यत लागते. बोकड पुढे धावतो आणि दोर धरून माणूस त्याच्या मागे अनवाणी धावतो. ऑस्बर्ट मासेमारी करायचा, पण शर्यतीत त्याचे पाय हरणासारखे पडत. माझी रोजची तयारी मात्र केझाया करून घेई. शाळेतून आली की दप्तर टाकायची, दावे सोडायची आणि आम्ही चर्चच्या उतारावरून किनाऱ्यापर्यंत सुटायचो. मग ती मला पाण्यात पोहायला लावी. धावता धावता ती मोठ्याने पाढे म्हणत असे. मित्रांनो, तेराचा पाढा ऐकलेला बोकड तुमच्या पाहण्यात क्वचितच आला असेल.

पहिल्याच शर्यतीत माझा दुसरा नंबर आला. दुकानदाराने माझ्या शिंगांवरून हात फिरवला, पाहुण्यांनी फोटो काढले, कोणीतरी नारळाचा गोड पाव भरवला. ते दिवस फार चांगले होते.

मग केझायाच्या परीक्षेचे वर्ष आले. आमच्याकडे मोठ्या शाळेत जाण्याआधी मुलांना एक परीक्षा द्यावी लागते. कोणाला कोणती शाळा मिळणार ते तिच्यावर ठरते. व्हर्लिन हॉटेलात खोल्या आवरायची. मुलीला शहरातली सर्वांत नावाजलेली शाळा मिळावी, हा तिचा ध्यास होता.

"परीक्षा होईपर्यंत या घरात बोकडाचं नाव निघायचं नाही," तिने जाहीर केले.

"मग त्याला फिरवणार कोण?" ऑस्बर्टने विचारले.

"तू."

"अगं ताई, मी समुद्रावर असतो."

"मग त्यालाही होडीत घे."

झाले. केझाया पहाटे उठून गणिते करू लागली. शाळा सुटली की शिकवणी, जेवण झाले की जुन्या प्रश्नपत्रिका. शनिवारीसुद्धा शिकवणी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तिचे खाली घातलेले डोके दिसे. सुरुवातीला ती मान वर करून माझ्याकडे पाहून हात हलवायची. पुढे तेही थांबले. मी खुंटाभोवती फिरून फिरून गवत संपवले आणि तिथे नुसती मातीची गोल वाट उरली. माझ्या पोटाला घेर आला. उभे राहिले की धाप लागू लागली.

नाताळनंतर जोसेफ आला. गावात कोणाकडे जेवणावळ असली की मटणाची कढई त्याच्याकडे असते. त्याने माझी पाठ दाबून पाहिली.

"चरबी चांगली धरलीय, व्हर्लिन."

"कार्निव्हलच्या उत्सवाआधी घेऊन जा. इथे नुसता उभा राहून खातो," ती म्हणाली.

केझाया खिडकीतच होती. तिने सगळे ऐकले. ती रडली असती, भांडली असती, तर मला बरे वाटले असते. पण ती मान खाली घालून अपूर्णांक सोडवत राहिली. मित्रांनो, मला त्या दिवशी जोसेफपेक्षा त्या शांतपणाची जास्त भीती वाटली.

पुढे शाळेत सराव परीक्षा झाली आणि केझायाचे गुण घसरले. व्हर्लिनने तिला आणखी लवकर उठवायला सुरुवात केली. मग एका शनिवारी तिच्या वर्गशिक्षिका मर्सेलबाई स्वतः घरी आल्या. व्हर्लिन कच्ची केळी सोलत मागच्या पायरीवर बसली होती. बाईही तिच्या शेजारी टेकल्या.

"गणितात चुका झाल्या, त्याचं मला काही नाही," बाई म्हणाल्या. "पण निबंधाचा कागद तिने कोरा दिला. विषय सोपा होता. लक्षात राहिलेला एक दिवस."

"आळशीपणा, दुसरं काय?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाली, बाई, माझ्याकडे दिवसच नाही. सगळे सारखेच आहेत."

अर्धे सोललेले केळे व्हर्लिनने खाली ठेवले.

"माझ्या वेळी मला उठवणारं कोणी नव्हतं, बाई," ती हळूच म्हणाली. "म्हणून मी हिला उठवते."

"उठवा की. पण झोपूही द्या. वर्गात ती बसल्या बसल्या पेंगते. वेळ कसा लावायचा ते तुम्ही मायलेकी ठरवा. तुमचं घर मला काय ठाऊक?"

बाई गेल्यावर व्हर्लिनने केझायाला हाक मारली. ती वही घेऊनच आली.

"वही ठेव आत. इथे बस. मला सांग, तुझं डोकं कधी चालतं?"

केझाया चाचरत म्हणाली, "सकाळी. पण उजाडल्यावर."

"मग गणित उजाडल्यावर. थोडंच, पण मन लावून. शिकवणी?"

"ती राहू दे, तिथे मला कळतं. पण शनिवारची नको."

"शनिवारी एक प्रश्नपत्रिका घरी सोडवायची. अगदी परीक्षेसारखी, वेळ लावून. चुकलेलं आपण दोघी बघू."

"तुला अपूर्णांक येतात?"

"शिकव मला. मग कळेल तुला येतात का."

केझाया कितीतरी दिवसांनी हसली. मग तिने धीर केला. "आणि शिकवणीहून आल्यावर बॅरिस्टरची फेरी."

"रोज?"

"रोज. परत आले की वाचन. जेवणानंतर काहीच नाही."

"जेवणानंतर शब्दांचं स्पेलिंग."

"ते मला भांडी घासताना विचार. बसून नाही."

व्हर्लिनने माझ्याकडे पाहिले. मी रवंथ करत शक्य तितका साधासुधा चेहरा केला.

"आणि रविवार?" केझायाने विचारले.

"रविवारी चर्च. मग तू आणि तुझा बोकड काय वाट्टेल ते करा."

थोड्याच दिवसांत जोसेफ दोर घेऊन हजर झाला. व्हर्लिनने त्याला दारातच सांगितले, "बोकड द्यायचा नाही आता."

"अगं, मी कांदा चिरून बसलोय."

"मग कांद्याची भाजी कर."

पहिल्या फेरीत आम्ही दोघेही अर्ध्या उतारावर धापा टाकत बसलो. तिच्याही पायांची सवय सुटली होती, माझ्याही. पण हळूहळू वारा अंगात भरू लागला. काही संध्याकाळी ती पळताना मला दिवसभराचे सांगायची, काही संध्याकाळी गप्प असायची. काही गणिते तिला तरीही सुटत नव्हती. एकदा शिकवणीच्या परीक्षेत गुण पुन्हा कमी आले, तेव्हा व्हर्लिनने माझे दावे हातात घेऊन घट्ट आवळले. मला वाटले, संपले सगळे. तिने केझायाकडे पाहिले. मग गाठ सोडून दोर केझायाच्या हातात देत म्हणाली, "अंधार पडायच्या आत या."

परीक्षेच्या सकाळी केझाया गरम कोको प्यायली आणि मला पाला टाकून गेली. दुपारी आली ती सरळ माझ्याकडे. "निबंध लिहिला," एवढेच म्हणाली, आणि आत जाऊन खेकड्याच्या रश्शाबरोबर चार डंपलिंग, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, खाल्ले.

त्या ईस्टरला मी शर्यतीत पाचवा आलो. जवळजवळ अर्धे वर्ष उभा राहिलेला बोकड, आणखी काय होणार? ऑस्बर्ट म्हणाला, "दाढी तरी पहिली आली."

निकाल लागला, तेव्हा केझायाला नावाजलेली शाळा मिळाली नाही. आईने दुसऱ्या पसंतीला लिहिलेली मिळाली. व्हर्लिन मागच्या पायरीवर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते. केझाया तिला टेकून बसली. मग व्हर्लिन म्हणाली, "तिथले गणिताचे मास्तर बरे आहेत म्हणतात."

"असतील. नसले तर तू आहेसच."

नव्या शाळेचा युनिफॉर्म शिवून आला, तेव्हा व्हर्लिनने तो स्वतः इस्त्री केला आणि मुलीला अंगणात उभे करून सगळ्या गल्लीला दाखवला.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. मी शर्यतीतून निवृत्त झालो. माझे गुडघे कुरकुरतात, दात पडले आहेत, पाला बारीक करून द्यावा लागतो. केझाया आता लहान मुलांच्या शाळेत शिकवते. परीक्षेच्या वर्षातली दोन-तीन मुले संध्याकाळी तिच्याकडे येतात, याच मागच्या पायऱ्यांवर बसतात. एखाद्याचे डोळे जड झाले की ती त्याचे पुस्तक मिटते आणि माझा दोर त्याच्या हातात देते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे मूल परीक्षेला बसत असेल. त्याच्या दिवसात अभ्यासाला जागा द्या, पण त्याला जे आवडते तेही खुंटाला बांधून ठेवू नका. तुमच्याकडे बोकड नसेल. काहीतरी असेलच. आणि ज्याने तुमच्याबरोबर धाव घेतली, तो म्हातारा झाला म्हणून त्याला विसरू नका.

बरे, आता मला उठायला हवे. पायरीवर एक छोटी मुलगी आपल्या चपला शोधते आहे. तिला उतारावरून भरभर जायचे असेल, पण माझ्यामुळे सावकाश चालावे लागेल. केझाया म्हणते, त्यानेही डोके बरेच मोकळे होते.