गुडमारची दोन पानं

माझी ताई ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथं मधुमेहासाठी वनस्पतींचे अर्क तपासतात. एकदा तिनं गुडमारची मूठभर पानं घरी आणली आणि बाबांना बजावलं, "याला हात लावायचा नाही. अजून तपासणी चालू आहे."

बाबांची बेकरी. रक्तात साखर वाढलेली, कोलेस्टेरॉलही वर, तरी केकच्या मिश्रणात बोट बुडवून चाखल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हात लावू नका म्हटल्यावर तर राहवेचना. सकाळी त्यांनी गुपचूप दोन पानं चावली आणि मिश्रण चाखलं. गोडाचा पत्ताच नाही!

"साखर घालायची राहिली वाटतं," म्हणत त्यांनी पुन्हा साखर ओतली. तरी गोड लागेना, म्हणून आणखी एकदा.

दुपारी दोन गिऱ्हाईकं केक परत घेऊन आली. ताईनं उरलेली पानं मोजली आणि पोट धरून हसली. "अहो बाबा, हे पान चावलं की थोडा वेळ जिभेला गोड कळतच नाही!"

त्या दिवसापासून चाखायचं काम आईनं स्वतःकडे घेतलं. तीन महिन्यांनी बाबांचा रिपोर्ट चांगला आला.

"पानांचा गुण!" बाबांनी डॉक्टरीणबाईंना छाती फुगवून सांगितलं.

"किती खाल्लीत?"

"दोनच."

"आणि आधी दिवसातून किती वेळा चाखायचात?"

बाबा छताकडे बघू लागले. डॉक्टरीणबाई सोबत आलेल्या आईकडे वळल्या. "या, आता तुमचंही रक्त तपासू."