भरून जाणारा, भरून येणारा डबा

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना लाकडी जेवणाचा डबा आहे. जन्म जपानचा, मुक्काम दुबईचा, आणि माझ्या अंगाला साजूक तुपाचा वास येतो. तो कसा लागला हे ऐकलंत, तर तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

जपानच्या उत्तरेला, थंड डोंगरात, सुगी नावाची उंच झाडं वाढतात. त्यातल्या एकाची पातळ फळी गरम पाण्यात भिजवून एका म्हाताऱ्या कारागिराने मला हळूहळू वाकवलं आणि जोडावर चेरीच्या सालीचे टाके घातले. ना खिळा, ना रंग. माझं लाकूड उघडंच असतं. गरम भाताची वाफ मी पिऊन टाकतो, म्हणून भात दुपारपर्यंत मऊ राहतो. याचा मला चांगलाच गर्व होता, खोटं कशाला बोलू!

मला फुमिए नावाच्या बाईंनी, म्हणजे जपानी आदराने म्हणायचं तर फुमिए-साननी, घेतलं. त्यांचे यजमान नाकागावा-सान यांना दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि सामानातून मीही अल बर्शातल्या फ्लॅटवर आलो. त्यांचा मुलगा ताकुमी मला रोज शाळेत न्यायचा. माझं झाकण उघडलं की शेजारची मुलं माना वाकडी करून आत बघायची, आणि मी फुगून बसायचो. मग ताकुमी मोठा झाला, शिकायला ओसाकाला गेला, आणि माझी रवानगी कपाटाच्या वरच्या फळीवर झाली. एसीच्या कोरड्या हवेने माझ्या कडेला एक बारीक चीर पडली. मी रुसलो होतो, पण डब्याचा रुसवा काढतो कोण?

अशात आमच्या घरी मिहिका राहायला आली. ती कॉलेजात शिकणारी मुलगी. दुबईपासून तास-दीड तासावरच्या मुसफ्फामध्ये तिचं घर, तिथे तिचे बाबा, उपेंद्र, यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. मिहिकाला पुढे जपानला शिकायला जायचं होतं. बाबांनी अट घातली होती, "आधी इथल्याच एखाद्या जपानी घरात दोन महिने राहून दाखव. जमलं तर पुढचं बघू, इन्शाल्ला." जपानी भाषेच्या क्लासमधल्या नबिला मॅडमनी तिला आमचं घर शोधून दिलं.

पोरगी गोड होती. दारात काढलेले बूट बाहेर तोंड करून ठेवायचे, टबात उतरण्याआधी बाहेर अंग धुऊन घ्यायचं, जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमास' म्हणायचं, सगळं ती पटापट शिकली. घरातून निघताना जपानी माणसं 'जाऊन येते' अशा अर्थाचं 'इत्तेकिमास' म्हणतात. ते ऐकून ती खूश झाली. तिच्या घरीही 'जाते' म्हटलं तर आई ओरडायची.

ताकुमी गेल्यापासून फुमिए-साननी कोणासाठी डबा भरला नव्हता. मिहिकासाठी त्यांनी मला खाली काढलं. भात, काकडीचं लोणचं, तिळात घोळवलेल्या शेंगा आणि, मुलगी शाकाहारी म्हणून, तळलेलं टोफू. मेट्रोने कॉलेजात जाताना मी तिच्या मांडीवर होतो. खरं सांगतो, त्या दिवशी मला रडू आलं असतं, पण लाकडाला ओल चांगली नाही.

आणि संध्याकाळी घोटाळ्याला सुरुवात झाली. डबा धुऊन परत देण्याआधी मिहिकाने घरी फोन लावला.

"अगं, रिकामा देतेस की काय?" तिची आई, सुजाता, फोनवरून कडाडली. "भांडं कधी रिकामं परत करू नये. लोक म्हणतील, आईने काही वळण लावलं नाही. बेसनाचे लाडू दिलेत ना बरोबर? ते घाल त्यात."

"ओके आई, रिलॅक्स! पुटिंग इट नाऊ."

माझ्या उघड्या लाकडाच्या पोटात तुपातले लाडू! मी मनात किंचाळलो. पण फुमिए-साननी झाकण उघडलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. त्यांनी लाडू खाल्ला, वाकून आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून डब्यात एक पदार्थ जास्त घातला. कारण त्यांच्या घरची रीत अशी, की कोणी काही दिलं तर त्याची परतफेड केल्याशिवाय राहायचं नाही.

आता बघा हं. एकीला रिकामा डबा देता येत नव्हता. दुसरीला आलेलं तसंच ठेवून घेता येत नव्हतं. लाडवांच्या बदल्यात भोपळ्याचे गोळे आले, त्यांच्या बदल्यात चकल्या गेल्या, चकल्यांच्या बदल्यात फुलासारखी कापलेली गाजरं आली. मुसफ्फाहून सुजाताबाई दर रविवारी पिशवी धाडायच्या. फुमिए-सान रोज थोड्या आधी उठायच्या. दोघी एकमेकींचं कौतुक करत होत्या आणि मधल्यामध्ये माझं सँडविच होत होतं.

कुणाला दिसलं नाही ते मला दिसलं. फुमिए-सानचं मनगट सुजायला लागलं होतं. माझं झाकण लावताना त्या ओठ घट्ट मिटायच्या. एका सकाळी झाकण त्यांच्या हातून निसटून पडलं. त्या खुर्चीत बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्याकडून आता होत नाही. एवढं प्रेमाने देणाऱ्या मुलीला कमी कसं देऊ? नबिला-सानना सांगते, तिच्यासाठी दुसरं घर बघा."

मी ओट्यावर ऐकत होतो. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी बोललो असतो!

नबिला मॅडमनी मिहिकाला हळुवारपणे सांगितलं, "हबीबती, त्यांना थोडं जड जातंय." मिहिका कॉलेजच्या कँटीनमध्ये मला पुढ्यात घेऊन रडली. घरातून काढलं तर बाबा जपानचं नाव काढू देणार नव्हते, हे तर होतंच. पण तिला जास्त लागलं ते वेगळंच. ती आईला फोनवर म्हणाली, "आय डोन्ट नो व्हॉट आय डिड राँग, आई. त्या मला आवडतात गं."

सुजाताबाईंनी यावर काय उपाय काढला असेल? मित्रांनो, तुम्ही ओळखलंच असेल. रविवारी त्या स्वतः आल्या, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. पुरणपोळ्या, चिवडा, शंकरपाळे. आल्या आल्या त्यांनी मला मागून घेतलं, काठोकाठ भरलं आणि फुमिए-सानपुढे धरलं. "मुलीचं काही चुकलं असेल तर माफ करा," असं त्यांनी मिहिकाकडून सांगवलं.

फुमिए-सानचा चेहरा उतरला. त्या वाकल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन परतफेडीसाठी भोपळा चिरायला लागल्या.

सुजाताबाई कसल्या बाहेर बसतायत! परक्या बाईशी हिंदीत बोलायची सवय, त्यामुळे "अरे रुको, रुको ताई, हम करते हैं," म्हणत त्या मागोमाग आत गेल्या. सुरी घ्यायला हात पुढे केला आणि त्यांना बाहीखालचं क्रेप बँडेज दिसलं.

"अगो बाई! मिहिका, इकडे ये. विचार त्यांना, हे कशाने?"

फुमिए-सान आधी 'काही नाही' म्हणत राहिल्या. मग मिहिकाने त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांचा धीर सुटला. "तू रोज भरून आणतेस," त्या म्हणाल्या. "मला तुझ्यापेक्षा कमी देता येत नाही. हात दुखतो. पण तू जावंस असं मला वाटत नाही गं."

मिहिकाने आईला मराठीत सांगितलं. सुजाताबाई धपकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे आपण भरत होतो म्हणून ही बिचारी भरत होती? खलास! आणि मी आजही पोतंभर घेऊन आले."

मग त्या उठल्या. मला रिकामं केलं, धुतलं, कोरड्या फडक्याने पुसलं. जन्मात कोणाला रिकामं भांडं न दिलेली ती बाई. तिने मला दोन्ही हातांनी फुमिए-सानपुढे धरलं. आत काहीच नव्हतं.

फुमिए-साननी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि त्या एरवीसारखा तोंडावर हात न ठेवता मोठ्याने हसल्या. मग मिहिकाला म्हणाल्या, "उद्या मी उशिरा उठणार. नुसता भात आणि लोणचं. चालेल?"

"चालेल, ओकासान," मिहिका म्हणाली. ओकासान म्हणजे आई. सुजाताबाईंनी पदराने डोळे पुसले.

मिहिका दोन महिने आमच्याकडेच राहिली. आता ती जपानला गेली आहे, आणि तिने मला मागून नेलं नाही, कारण मी तिच्या या आईचा आहे. मित्रांनो, माझ्यासारखा लाकडी डबा तुमच्या घरी असेल तर त्याला साबणात बुडवू नका, उन्हात टाकू नका, पुसून सावलीत उघडा ठेवा. आणि कोणी तुमच्यासाठी पहाटे उठून डबा भरत असेल, तर परत काय द्यायचं याचा विचार नंतर करा. आधी तिचा हात दुखतोय का, ते विचारा.