दोनपैकी एक

गेल्या सोमवारी माझ्या नातीने मला खालच्या मजल्यावर देऊन टाकलं. रीतसर दिलं, छापील कागदावर.

झालं असं, की तिच्या शाळेत देण्याचा आठवडा सुरू होता. घरात जी वस्तू दोन असेल, त्यातली एक ज्याच्याकडे नाही त्याला द्यायची आणि घेणाऱ्याची सही आणायची. बाकीच्या पोरांनी छत्र्या दिल्या, कंपासपेट्या दिल्या. आमच्या चिमणीने घरात नजर फिरवली, तर तिला दोन आज्या दिसल्या. तिच्या वर्गातल्या चष्मीकडे एकही नव्हती. चष्मी आमच्याच खाली राहते. आई औषधांच्या दुकानात, बाप बसवर ड्रायव्हर, त्यामुळे शाळा सुटली की सहापर्यंत पोर घरात एकटी. कागदावर लिहिलं होतं : वस्तू – आजी (घडी). किती – दोनपैकी एक. स्थिती – वापरलेली. खाली चष्मीची सही, चांगली दोन ओळी भरून.

कागद वाचून माझा मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. सूनबाई म्हणाली, "आई, लहान आहे हो ती, सोडून द्या." मी म्हटलं, पोरीने शब्द दिलाय, मी जाणार. खरं तर माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. आजी द्यायला माझी हरकत नव्हती. पण दोघींतली मीच का?

दुसरी आजी म्हणजे माझ्या विहीणबाई, सुनेची आई. सहा वर्षं आम्ही दोघी एकाच खोलीत झोपतो. त्या गोष्टी सांगतात, पोरीचे सगळे हट्ट पुरवतात, पत्त्यांत मुद्दाम हरतात. त्यांना चिमणी गोड आजी म्हणते. मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घातल्या. अजूनही चुरगळलेली चादर दिसली की माझं डोकं फिरतं. मी घडी आजी. आता यातली कोणती घरात ठेवायची आणि कोणती वाटून टाकायची, हे सांगायला शाळा कशाला हवी?

चार वाजता मी खाली गेले. चष्मीने दार उघडून मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही रोज येणार की आजच?"

"दिलीय म्हटल्यावर रोजच," मी म्हटलं. "आणि सोफ्यावर कपड्यांचा हा काय पसारा मांडलाय?"

ती खूश झाली. बहुधा तिला अशीच वस्तू अपेक्षित होती.

तीन दिवसांत तिच्या घरातला एकेक कपडा घडीत बसला. इलॅस्टिक लावलेली चादर दुमडणं भल्याभल्यांना जमत नाही, ते ती शिकली. तिची गणितं मी तीनदा खोडायला लावली, तरी तिने तोंड वाकडं केलं नाही. आधी पाच वाजले की ती आईची वाट बघत खिडकीशी जाऊन उभी राहायची, तेही तिने बंद केलं.

मी वर आले की विहीणबाई पाण्याचा ग्लास पुढे करत. "दमलात का हो?" असं इतक्या मायेने विचारत, की तो ग्लास फेकून द्यावासा वाटे. जिंकलेल्या माणसाने दया दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुरुवारी संध्याकाळी वाळलेल्या चादरी काढल्या. दोन टोकं माझ्याकडे, दोन चिमणीकडे. शेवटी मी विचारलंच.

"काय गं, मलाच का दिलंस?"

चिमणीने टोकाला टोक जुळवलं. "आधी गोड आजीचंच नाव लिहिलं होतं. मग रबराने पुसलं."

"का?"

"बाई म्हणाल्या, देताना थोडं रडू यायला हवं, नाहीतर ते देणंच नाही. गोड आजी लिहिल्यावर येईचना. मग तुझं नाव लिहिलं." तिने नाक ओढलं. "तर खूप आलं. नीट धर ना, कोपरा सुटला तुझा."

कोपरा सुटला होता खरा. एकतीस वर्षांत कधी सुटला नव्हता. मी चादरीत तोंड खुपसलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

तेवढ्यात विहीणबाई हात पुसत बाहेर आल्या. पदर उगाच सारखा करत त्यांनी विचारलं, "सांगितलं का हो तिने? तुम्हालाच का ते?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की चार दिवस हा प्रश्न त्यांनाही झोपू देत नव्हता. चेहरा पार उतरला होता बाईंचा. उत्तर माझ्या जिभेवर होतं. सहा वर्षं मी त्याच्यासाठी झुरले होते, आणि ते चारचौघांत मोठ्याने सांगावं असंच होतं.

चिमणीने तोंड उघडलं. मी घडी केलेली चादर तिच्या हातात कोंबली आणि तिला आतल्या कपाटाकडे पिटाळलं.

"सांगितलं की," मी म्हटलं. "म्हणाली, गोड आजीला द्यायला जीवच होईना."

विहीणबाईंचा चेहरा असा फुलला की बघवेना. त्या माझ्या शेजारी बसल्या, माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ माझी समजूत घालत राहिल्या. मी सगळी ऐकून घेतली.