दोन पॅड कमी

वासुदेवरावांची काळी गाडी आठच दिवसांत परत आली. शिवाजीनगरच्या एका मागच्या गल्लीत संयोगिता जाधवचं दुकान होतं. गाड्या धुवायच्या, वॅक्स लावायचं, चकचकीत करून परत द्यायच्या. वासुदेवराव जुनं गिऱ्हाईक. ते ओरडले नाहीत. बॉनेटपाशी उभं राहून आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत एवढंच म्हणाले, "स्वल्प, जरा उन्हात येऊन बघा, अक्का."

संयोगिता वाकली. रंगावर बारीक, गोल गोल ओरखडे होते, कोळ्याच्या जाळ्यासारखे. असे ओरखडे धुताना पडत नाहीत. वॅक्स लावणारा हात जसा गोल फिरतो, तशा त्या रेघा होत्या. म्हणजे पॅडमध्ये कच होती.

वॅक्स लावायचं काम कल्लाप्पांचं. अथणीकडचे, साठीला टेकलेले, तिच्या दुकानात नऊ वर्षं असलेले. ते पिवळे, तळहातात मावणारे फोमचे पॅड एकदा वापरून टाकायचे नसतात, नीट धुतले तर वीस-पंचवीस गाड्या निघतात, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. कोमट पाण्यात थोडा शॅम्पू घालून भिजवायचे, अंगठ्याने दाबून दाबून जुनं वॅक्स काढायचं, पिळायचं मात्र नाही, आणि सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवायचे. एवढं जाणणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावं, हे तिला पटेना.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने डबा उघडला. पॅड बारा हवे होते. दहाच निघाले.

सकाळी पाहिलं तर बारा.

शेजारी बॅटरीचं दुकान चालवणाऱ्या अभिराजला तिने सहज म्हणून विचारलं, तर तो हसला. "बाहेरची कामं घेत असतील, अक्का. अपार्टमेंटमध्ये सकाळी सकाळी किती जण गाड्या पुसतात! तुमचाच पॅड, तुमचंच वॅक्स."

तेवढं पुरलं. त्यानंतर कल्लाप्पांची प्रत्येक हालचाल तिला वेगळी दिसू लागली. काम करताना पूर्वी ते गावाकडच्या गोष्टी सांगायचे, आता गप्प असायचे. ती जवळ गेली की तोंड फिरवायचे. एकदा तिने वॅक्सच्या डब्यावरचं नाव वाचायला सांगितलं, तर म्हणाले, "तुम्हीच बघा की, माझे हात भरल्यात." हात कोरडे होते. एकदा तर ते पॅड गालावर फिरवताना दिसले, आणि तिची चाहूल लागताच त्यांनी तो खाली घेतला.

तिने एक युक्ती केली. पुढच्या वेळी दहाच पॅड दिसले तेव्हा त्या दहाही पॅडांच्या कडेला लाल पेनाने ठिपके काढले. सकाळी बाराही जागेवर होते, आणि त्यांतल्या दोन पॅडांना ठिपका नव्हता. आता खात्रीच झाली.

शनिवारी सहा वाजता कल्लाप्पा कापडी पिशवी घेऊन निघाले. गाड्या धुणारे दत्ता आणि परसू अजून तिथेच होते. संयोगिता आडवी उभी राहिली.

"अण्णा, पिशवी दाखवा."

"का ओ, अक्का?"

"दाखवा म्हणते ना."

त्यांनी पिशवी उघडली. जेवणाचा डबा, आणि स्वच्छ धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले चार पॅड.

"कुठल्या गाडीला लावता हे?"

"कुठल्याच नाय."

"मग घरी कशाला?"

"धुवायला."

"इथं नळाला पाणी नाही?"

पॅड काढून त्यांनी टेबलावर ठेवले, पिशवी खांद्याला लावली आणि गेले. दत्ता खाली मान घालून बादली घासत राहिला.

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाही. फोन वाजायचा, कोणी उचलत नव्हतं. चोर पकडला गेला म्हणून यायचा थांबला, असं संयोगिता स्वतःला सांगत होती. मंगळवारी दुपारी तिने कोपऱ्यात पडलेला गाडीचा जुना काळा दरवाजा बाहेर काढला आणि एकेक पॅड त्यावर घासून पाहिला. बिनठिपक्याच्या दोन पॅडांनी एक रेघही उमटली नाही. ठिपक्याच्या पॅडांपैकी तीन पॅडांनी रंगावर जाळं काढलं.

हे तिच्या हिशेबात बसेना. बाहेर वापरलेले पॅड जास्त मळायला हवे होते. बाहेर गेलेलेच स्वच्छ कसे?

बुधवारी सकाळी ती जवळच्याच लिंगराजपुरम वस्तीत कल्लाप्पांच्या खोलीवर गेली. दार उघडलं त्यांच्या बायकोने, गंगव्वाने. चष्मा कपाळावर, बोटात सुई. मागे शिवणाच्या मशीनवर अर्धा ब्लाउज. कल्लाप्पा खाटेवर बसले होते. दारात कोण आलंय ते त्यांना कळलं नाही, हे संयोगिताला स्पष्ट दिसलं. ते तिच्याकडेच बघत होते आणि विचारत होते, "कोण ते?"

"तुमच्या दुकानाच्या अक्का," गंगव्वा म्हणाली. मग संयोगिताकडे वळून, "मोतीबिंदू हाय. उजव्या डोळ्याला तर काहीच दिसंना. पॅडमध्ये खडा अडकला तर कळायचा नाय, म्हणून मळलेले वाटतील ते दोन माझ्याकडं आणायचे. मी सुईनं एकेक कण काढून, धुऊन द्यायची. सगळे आणले तर तुम्हाला कळंल, म्हणून दोनच. शनिवारी चार, रविवारी सवड असती म्हणून."

"आणि वासुदेवरावांची गाडी?"

"ते ओरखडे माझेच," कल्लाप्पा म्हणाले. "पॅड हातातनं खाली पडला. झटकला आणि लावला. गालाला लावून बघायचं त्या दिवशी राहिलं."

"मला सांगायचं ना, अण्णा!"

"सांगितलं असतं तर वॅक्स लावायला दिलं असतं काय?"

हो म्हणावं, असं तिने मनात ठरवलं होतं. तोंडातून मात्र "नाही" आलं.

"मग?" ते म्हणाले. त्यात राग नव्हता, त्यामुळे तिला जास्तच लागलं. तिने त्यांची माफी मागितली. ते "सरी, सरी" म्हणाले. म्हणजे असू दे, बस आता.

दुसऱ्या दिवशी, पिशवी उघडायला लावली होती त्याच जागी उभं राहून, तिने दत्ता आणि परसूला सांगितलं की चूक तिची होती. वासुदेवरावांचं बॉनेट तिने स्वतः दीड दिवस खपून नीट केलं. तीन आठवड्यांनी कल्लाप्पांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्याआधीपासूनच गंगव्वा पॅड धुवायला सकाळी दोन तास दुकानात येऊ लागली होती. पहिल्याच दिवशी तिने पाच पॅड बाजूला फेकले. "हे धुऊन उपेग नाय. आतपर्यंत माती गेलीय."

कल्लाप्पा परत आले ते काळा चष्मा लावून. काम पूर्वीसारखंच नेटकं, पण संयोगिताशी कामापुरतंच बोलणं. ती समोर असताना ते जेवायलाही बसत नसत. तिने जोर केला नाही.

असाच महिना गेला. एका सकाळी एका पांढऱ्या गाडीचं दार तपासायला ती त्यांच्या शेजारी वाकली. त्यांचा हात थांबला. चष्मा वर करून ते तिच्याकडे बघत राहिले.

"अक्का, तुमचे केस कधी पिकले ओ?"

"असं विचारत्यात काय बायकांना!" गंगव्वा पॅड धुवायच्या टबापाशी बसून ओरडली.

"दोन वर्षं झाली असतील, अण्णा," संयोगिता म्हणाली.

"दिसलंच नाय बघा," ते म्हणाले, आणि पुन्हा दाराला वॅक्स लावू लागले.