अडसर लावायचा राहिला

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. सागाचा, दोन फळ्यांचा आणि स्वभावाने जरा कुरकुरा. नदीकाठच्या जंगलात आमच्या घरच्या म्हाताऱ्याने मला स्वतःच्या हातांनी घडवलं. आमच्या वस्तीत कुलपं नव्हती. रीत एकच, जो सर्वांत शेवटी घरी येईल त्याने आतून अडसर लावायचा. त्यामुळे कोण आत, कोण बाहेर, हे मला पक्कं ठाऊक असे. शेवटचा बहुधा म्हाताराच. दोनदा टकटक, एक खोकला आणि मग, "आलो गं."

पुढे खाली धरण बांधलं. वस्ती हलवायला ट्रक आले, तेही सांगितल्यापेक्षा दोन दिवस आधीच. म्हातारा तेव्हा पूर्वजांच्या दगडांचा निरोप घ्यायला नदीवर गेला होता. "आलोच," म्हणाला होता. थोरल्या मुलाला वाटलं, बाबा पहिल्या ट्रकने गेले. त्याने मला चौकटीतून काढलं. मी जीव तोडून कुरकुरलो.

"जुनं लाकूड, कुरकुरणारच," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी पाणी चढलं. म्हातारा सापडला नाही. तो परत आला असेल, तेव्हा घराला दारच नव्हतं. ही गोष्ट मला फार लागते.

आता मी नव्या वसाहतीत, एकसारख्या खोल्यांच्या रांगेत सातव्या खोलीला आहे. ज्यांचं सगळं पाण्यात गेलं, त्यांच्या नळाला इथे थेंब नाही. तरी रोज भर दुपारी मी खालून भिजतो. पहिल्या वर्षी ओल घोट्याएवढी होती, मग गुडघ्याएवढी झाली. यंदा ती कडीपर्यंत आली आहे. गाळाचा वास येतो. म्हातारी मला हात लावून पाहते आणि अडसर लावू देत नाही.

परवा थोरला वैतागला. "आई, चोऱ्या होतात इथे. आज मी लावणारच."

"घरातलं माणूस बाहेर आहे अजून."

"तीन वर्षं झाली गं!"

"मग? त्यांना नेहमीच उशीर व्हायचा."

थोरल्याने अडसर उचलला. तेवढ्यात माझ्यावर दोनदा टकटक झाली. मग खोकला ऐकू आला, छातीत पाणी भरल्यासारखा. माझ्या बाहेरच्या अंगाला कुणीही नव्हतं, मित्रांनो. शपथेवर सांगतो.

अडसर थोरल्याच्या हातून गळून पडला. मला कपाळ टेकून तो रडला. "बाबा, माणसं मोजायची राहिली हो माझ्याकडून."

मला लावायला आता कुणी धजत नाही. तुम्ही मात्र एवढं करा. कुणाचंही घर हलवाल, तेव्हा दार काढण्याआधी माणसं मोजा. आणि दार कुरकुरलं, तर थांबा.