पिवळ्या घराची खूण

"पिवळाच दे ना रे," शिडीखाली उभा राहून जेरोलामो चौथ्यांदा म्हणाला.

रंगारी ओरेस्तेनं वरून खाली पाहिलं. "काका, घर तुमचं आहे का? मिलानच्या बाईंनी घेतलंय, पाहुण्यांना भाड्यानं द्यायला. त्यांना पांढरं हवंय. फोटोत छान दिसतं म्हणे."

"पिवळ्याचं काय वाईट दिसतं?"

"पिवळंच का हवं, ते तरी सांगा. मी बाईंना फोन लावतो."

"डोळ्यांना सवय आहे," जेरोलामो एवढंच म्हणाला.

मी धक्क्यावर जाळं सांधत होतो. त्याचं खरं कारण मला ठाऊक होतं. समुद्रातून पाहताना हे घर बरोबर घंटाघराखाली आलं आणि डोंगराची सोंड दीपगृहाला टेकली, की खाली खडक असतो आणि खडकात मासे. ती जागा जेरोलामोच्या आजोबांची. आमच्याकडे अशी जागा बाप मुलाला सांगतो, तीही होडीत बसून. जमिनीवर तिचं नाव काढायचं नाही. जेरोलामोचा मुलगा जहाजावर पर्यटकांना वाढायचं काम करतो. ऐकायला तो होडीत आलाच नाही.

खूण सांगितली असती तर घर कदाचित पिवळं राहिलं असतं, पण जागा गेली असती. म्हातारा घरी गेला.

खरं तर कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. चाळीस वर्षं माणूस एकाच जागी गळ टाकतो, ते गावाला दिसणार नाही? ती जागा माझ्या होडीतल्या जीपीएस यंत्रात बारा वर्षांपासून नोंदलेली आहे. तिथे मी कधी गेलो नाही, कुणीच गेलं नाही. पूर्वी गावात साठ होड्या होत्या, आता तीन. मासे खारवायच्या वखारीत आइस्क्रीम मिळतं.

शनिवारी घर पांढरं झालं. शेजारची आधीच झाली होती; आता समुद्रातून कुठलं घर कुठलं ते ओळखू येईना.

सोमवारी सकाळी जेरोलामोची होडी नुसती गोल गोल फिरत होती. तिसरी होडी नाझारियोची; ती त्यानं माझ्या होडीला लावली.

"म्हाताऱ्याला चष्मा घेऊन द्यायचा का?" तो हसला, मग हसायचा थांबला. "सांगू या का त्याला?"

"आपल्याला माहीत होतं हे कळलं तर जीव जाईल त्याचा."

नाझारियोनं मान हलवली. मग त्यानं होडी खडकाच्या अलीकडे नेऊन उभी केली, मी पलीकडे. मध्ये एका होडीपुरतं पाणी ठेवलं आणि आम्ही दोघंही पाठ करून बसलो.

बऱ्याच वेळानं इंजिनाचा आवाज जवळ आला आणि मध्येच थांबला.

"इथे काय करताय रे?" जेरोलामो खेकसला.

"काही नाही, काका," नाझारियो मागे न पाहता म्हणाला. "मासाच नाही इथे. निघतोच आहोत."

आम्ही इंजिनं सुरू केली नाहीत. थोड्या वेळानं मागे त्याच्या गळाचं शिसं पाण्यात पडल्याचा आवाज आला.